ऑटोफोकससाठी शार्पनेस मोजताना: लेन्सशिवाय काहीही बदलू देऊ नका

मोटरवर सरकणारी लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, प्रत्येक थांब्यावर चित्राच्या शार्पनेसचा एक आकडा काढायचा आणि सगळ्यांत मोठा आकडा जिथे आला तिथे लेन्स परत आणायची. कॉन्ट्रास्टवर चालणारं ऑटोफोकस मुळात एवढंच असतं. तरीही इंदूरच्या कॉलेजातला प्रोजेक्ट असो की पीथमपूरच्या कारखान्यात लेबल वाचणारा कॅमेरा, गाडी एकाच जागी अडते: आकडा मोठा येतो, फोटो मात्र धूसर. मग सूत्र बदललं जातं, दुसरं आणलं जातं, तिसरं आणलं जातं. दोष सूत्राचा क्वचितच असतो. लेन्स सरकताना उजेड, एक्सपोजर, टेबल किंवा चौकटीतला भाग यांपैकी काहीतरी सोबत बदलत असतं, आणि सूत्र त्या बदलालाही शार्पनेसच समजतं.

म्हणून इथे सूत्राचा क्रमांक चौथा आहे. आधीचे तीन टप्पे गाळून थेट तिथे उडी मारू नका.

उदाहरणासाठी रास्पबेरी पाय कॅमेरा मॉड्यूल ३ घेतला आहे: फोकल लेंथ ४.७४ मिमी, अ‍ॅपर्चर एफ/१.८, पिक्सेल १.४ मायक्रॉन, फोकसची रेंज १० सेंमीपासून अनंतापर्यंत. यात लेन्सची जागा डायऑप्टरमध्ये देता येते, म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर. ० म्हणजे अनंत, २ म्हणजे अर्धा मीटर, १० म्हणजे १० सेंमी. या मॉड्यूलला फेज डिटेक्शनही येतं, म्हणजे लेन्स सगळीकडे न फिरवता सेन्सरवरच्या खास पिक्सेलवरून फोकसची जागा ओळखणं. इथे ते बंद ठेवून लेन्स आपणच चालवायची आहे. दुसरा कॅमेरा असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

१. खोली आणि टेबल

सीलिंग फॅन आधी बंद करा. पंख्याने कागद हलतो, हलकं टेबल थरथरतं, आणि पंखा दिव्याच्या खाली असेल तर पात्यांची सावली चित्रावरून फिरत राहते. सावलीमुळे आकडा लयीत वरखाली होतो आणि तो चढउतार लेन्समुळे झाला असं वाटतं. इंदूरच्या मे महिन्यात पंखा बंद करणं जिवावर येतं. मोजणी सकाळी लवकर उरका.

कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा क्लॅम्पने पक्का बसवा. पुस्तकांच्या चवडीवर ठेवलेला कॅमेरा केबल ओढली की सरकतो, म्हणून केबलही टेबलाला टेपने चिकटवा.

समोर लक्ष्य म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उत्तम. त्यात तारखेचे ठळक आकडे असतात आणि खाली तिथी-नक्षत्राचा बारीक मजकूरही. लेन्स फोकसपासून दूर असताना ठळक आकडे वाट दाखवतात, जवळ आल्यावर बारीक अक्षरं निवाडा करतात. नुसता जाड ठशाचा कागद घेतला तर थांबे आणि शार्पनेसचे आकडे यांच्या आलेखाचं शिखर बोथट येतं. नुसता बारीक मजकूर घेतला तर दूरवर सगळंच सपाट दिसतं.

पान कडक पुठ्ठ्यावर चिकटवा, कॅमेऱ्याच्या अगदी समोर उभं करा आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. सुरुवातीला ४५ सेंमी सोयीचं.

तपासणी: पानाचे चारही कोपरे कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत ना? पान तिरकं असेल तर त्याचा वेगवेगळा भाग वेगवेगळ्या थांब्यावर शार्प होतो आणि शिखर रुंद, चपटं दिसतं. दोष लेन्सचा वाटतो, असतो पुठ्ठ्याचा.

२. कॅमेऱ्यातलं जे जे आपोआप चालतं, ते बंद

ऑटो एक्सपोजर, ऑटो गेन (सेन्सरचा सिग्नल आपोआप वाढवणं), ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), तिन्ही बंद करा. कॅमेरा दोनेक सेकंद चालू ठेवा, त्याने ठरवलेला गेन वाचून घ्या आणि तोच कायम करा.

कारण साधं आहे. शार्पनेसची बहुतेक सूत्रं फरकांचे वर्ग घेतात. उजेड १० टक्के वाढला तर प्रत्येक फरक १.१ पट होतो आणि आकडा १.२१ पट. म्हणजे लेन्स जागेवरच असताना शार्पनेस २१ टक्के वाढल्याचं दिसतं. शिखराजवळ दोन थांब्यांमधला खरा फरक अनेकदा याहून कमी असतो.

एक्सपोजरची वेळ मनाला येईल ती ठेवू नका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि पुष्कळसे एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. एक्सपोजर १/१०० सेकंद किंवा त्याच्या पटीत, म्हणजे १/५०, ठेवलं की प्रत्येक पिक्सेलला पूर्ण लहर मिळते. १/१२० ठेवलंत तर चित्रावर आडवे पट्टे सरकतात; डोळ्याला ते कधी दिसतही नाहीत, सूत्राला दिसतात. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री उजळणाऱ्या दुकानांच्या पाट्यांमधले एलईडी मात्र विजेच्या लहरीशी न जुळणाऱ्या वेगाने लुकलुकू शकतात. तिथे एक्सपोजर लांब ठेवणं आणि पाटी मोजायच्या भागाबाहेर ठेवणं, एवढंच हातात आहे. शक्य असेल तर पहिली मोजणी दिवसाउजेडी, खिडकीजवळ करा.

कॅमेऱ्यातलं शार्पनिंग ० वर आणि नॉइज रिडक्शन बंद. नॉइज म्हणजे दृश्यात नसलेले, पिक्सेलमध्ये आपोआप येणारे बारीक चढउतार. शार्पनिंग कडा कृत्रिमपणे ठळक करतं आणि नॉइजही फुगवतं. नॉइज रिडक्शन थोडी धूसर झालेली बारीक अक्षरं नॉइज समजून पुसून टाकतं, आणि शिखराच्या बाजूला नसलेली पायरी तयार होते.

सावधान: जेपेगवर शार्पनेस मोजू नका. जेपेग चित्राचे ८ × ८ चे चौकोन करतं. धूसर चित्रात त्या चौकोनांच्या सीमाच कडा म्हणून मोजल्या जातात. कच्चा डेटा किंवा वाययूव्हीतला फक्त वाय, म्हणजे उजेडाचा, भाग घ्या. कच्चा डेटा घेत असाल तर आधी ब्लॅक लेव्हल, म्हणजे पूर्ण अंधारातही येणारा आकडा, वजा करा. १० बिटांच्या अनेक सेन्सरमध्ये ती ६४ असते, पण आपल्या सेन्सरचं माहितीपत्रक बघूनच घ्या.

३. खिडकी निवडा

खिडकी म्हणजे चित्राचा तेवढाच तुकडा, ज्यावर शार्पनेसचा आकडा, म्हणजे स्कोअर, काढायचा. पूर्ण चौकटीवर स्कोअर काढला तर मागची भिंत, टेबलाची कड, खिडकीचे गज, सगळ्यांचं मत घेतलं जातं आणि ज्याच्या कडा ठळक तो जिंकतो. इंदूरच्या राजवाड्यासमोर मित्राला उभं करून फोटो काढताना हेच होतं. मागे सात मजल्यांचा दर्शनी भाग, खाली दगड, वर लाकूड, सज्जे आणि खिडक्या, म्हणजे कडाच कडा. पुढे माणसाचा चेहरा, तुलनेने गुळगुळीत. खिडकी चेहऱ्यापुरती ठेवली नाही तर फोकस राजवाड्यावर बसणार हे ठरलेलंच.

२३०४ × १२९६ च्या चित्रात सुमारे ५१२ × ३८४ ची खिडकी चालते. चेहरा असेल तर डोळे आणि भुवया आत हव्यात. गालावर सूत्राला पकडायला काही नसतं.

इथे बहुतेकांच्या हातून निसटणारी गोष्ट: लेन्स सरकली की चित्राचा आकारही किंचित लहानमोठा होतो. खिडकीच्या काठाशी एखादा जाड काळा आकडा असेल तर तो एका थांब्यावर अर्धा आत असतो, पुढच्या थांब्यावर बाहेर जातो. स्कोअर उडी मारतो, फोकसशी त्याचा संबंध नसतो. खिडकीचे काठ मोकळ्या जागेवर ठेवा. ते जमत नसेल तर कडांना हळूहळू कमी होत शून्यावर येणारं वजन द्या. वजनाने प्रत्येक पिक्सेलच्या फरकाचा वर्ग गुणायचा, मूळ चित्र नव्हे. चित्रच गुणलंत तर वजनाचा उतार स्वतःच कड बनतो.

खिडकीत दोन अंतरं येऊ देऊ नका. डासांच्या जाळीतून बाहेरचं झाड बघितलं तर आलेखाला दोन शिखरं येतात आणि दोन्ही खरी असतात. त्यातलं कोणतं घ्यायचं हे सूत्र ठरवू शकत नाही, तुम्ही ठरवायचं. बहुतेक कामांत जवळचं घेणं बरं. आरशाचंही तसंच. काच मंदिरासारख्या, आरशांनी मढवलेल्या जागी एकाच खिडकीत आरशाची चौकट आणि आतलं प्रतिबिंब दोन्ही येतात. आरसा १ मीटरवर असेल तर त्यात कॅमेरा स्वतःला २ मीटरवर पाहतो. चौकटीवर लावलेला फोकस प्रतिबिंबाला लागू पडत नाही.

४. सूत्र

तीन पुरेशी आहेत.

ब्रेनर: प्रत्येक पिक्सेलमधून दोन घरं पुढचा पिक्सेल वजा करायचा, फरकाचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज. सर्वांत हलकं. मूळ रूपात ते फक्त आडव्या दिशेने बघतं, त्यामुळे आडव्या रेषा त्याला दिसतच नाहीत. महेश्वरी साडीचा काठ आडवा धरला तर स्कोअर जवळपास नॉइजइतकाच येतो, काठ कितीही स्पष्ट असो. उभ्या दिशेची बेरीजही मिळवा.

टेनेनग्रॅड: सोबेलने, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांतला फरक काढणाऱ्या ३ × ३ च्या गाळणीने, आडवा आणि उभा उतार काढायचा, दोघांचे वर्ग मिळवायचे. मधला, भरवशाचा मार्ग. एकच सूत्र निवडायचं असेल तर हे.

लाप्लासियनचा व्हेरियन्स: पिक्सेलच्या चार शेजाऱ्यांची बेरीज करायची, त्यातून पिक्सेलची चौपट वजा करायची, आणि निघालेल्या चित्राचा व्हेरियन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, घ्यायचा. शिखर टोकदार येतं, पण फोकसपासून दूर आलेख सपाट असतो. शिवाय नॉइज यालाच सर्वांत जास्त झोंबतं.

किती झोंबतं ते मोजता येतं. प्रत्येक पिक्सेलचं नॉइज स्वतंत्र असेल आणि त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (व्हेरियन्सचं वर्गमूळ) सिग्मा असेल, तर लाप्लासियनचा व्हेरियन्स सिग्माच्या वर्गाच्या २० पट होतो, कारण १६ + १ + १ + १ + १. आता सिग्मा २.३ धरा, म्हणजे संध्याकाळच्या खोलीत गेन वाढवल्यावर सहज येईल इतकं. वर्ग ५.२९, गुणिले २० म्हणजे सुमारे १०६. समोर काहीही नसलेली कोरी भिंत १०६ मिळवते. आणि ‘१०० च्या वर म्हणजे शार्प’ हा नियम कुठून तरी उचलून शेकडो प्रोग्रॅममध्ये बसलेला असतो. या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही. तोच कॅमेरा, तीच खिडकी, तोच उजेड, तेच दृश्य असताना दोन थांब्यांची तुलना करण्यापुरताच तो कामाचा.

सावधान: पायथनच्या नमपाय लायब्ररीत चित्र सहसा ८ बिटांचं असतं. त्यात १० वजा २० केले तर उणे १० येत नाहीत, २४६ येतात. चित्रांवर काम करणाऱ्या ओपनसीव्ही लायब्ररीच्या लाप्लासियनला उत्तर ८ बिटांत मागितलं तर उणे बाजू कापून ० केली जाते. आधी फ्लोटमध्ये बदला, मग वजाबाकी करा. ही चूक क्रॅश करत नाही, फक्त आलेख वाकडा करते, म्हणून ती महिनोन्महिने राहते.

स्कोअरला खिडकीतल्या सरासरी उजेडाच्या वर्गाने भागा. दिवा थोडा मंद झाला तरी बराचसा परिणाम निघून जातो. वाय भागावर गॅमा (आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात न ठेवणारा बदल) लागलेला असतो, त्यामुळे तिथे हे पूर्ण नेमकं बसत नाही. एक्सपोजर कायम ठेवायला हा पर्याय नाही.

५. आधी नॉइज मोजा, मग लेन्स हलवा

लेन्ससमोर अगदी जवळ बटर पेपर धरा, उजेड दिनदर्शिकेच्या पानाइतकाच ठेवा, आणि ३० फ्रेमचे स्कोअर काढा. ही झाली जमीन: काहीच नसताना येणारा स्कोअर. लेन्सवर झाकण लावून हे करू नका, कारण अंधारात प्रकाशाचं नॉइज नसतं आणि जमीन खोटी खाली दिसते.

मग बटर पेपर काढा, लेन्स पानावर हाताने फोकस करा आणि तिला न हलवता पुन्हा ३० फ्रेम घ्या. या ३० स्कोअरचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. स्कोअर किती डळमळतो, ते हे.

तपासणी: डळमळ फोकसमधल्या स्कोअरच्या २ टक्क्यांहून जास्त असेल तर पुढे जाऊ नका. १ आणि २ वर परत जा: पंखा, एक्सपोजरची वेळ, केबल. तेही ठीक असेल तर प्रत्येक थांब्यावर ४ फ्रेमच्या स्कोअरची सरासरी घ्या. निव्वळ नॉइजमुळे होणारी डळमळ निम्मी होते. लुकलुकणाऱ्या दिव्याची डळमळ सरासरीने जाईलच असं नाही.

६. लेन्स थांबली हे कसं कळणार

लेन्सला आदेश दिला म्हणजे ती पोचली असं नव्हे. व्हॉइस कॉइलची, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याने सरकणारी, लेन्स स्प्रिंगवर असते. उडी मारल्यावर थोडी झुलते आणि मग स्थिरावते. शिवाय आदेश देण्याच्या क्षणी एकदोन फ्रेम आधीच रांगेत असतात, त्या जुन्या जागेच्या असतात. फ्रेमसोबत येणारी लेन्सची जागा हा दिलेला आदेश असतो. लेन्स तिथे असल्याचा पुरावा तो नव्हे.

म्हणून मोजा. लेन्स ० वरून ५ डायऑप्टरवर न्या आणि पुढच्या १० फ्रेमचा स्कोअर एकामागून एक लिहा. ज्या फ्रेमपासून स्कोअर डळमळीच्या आत राहतो ती शोधा, त्यात एक फ्रेम सुरक्षेसाठी मिळवा. तेवढ्या फ्रेम प्रत्येक थांब्यावर टाकून द्यायच्या. ५ वरून ० वर येतानाही मोजा, कारण दोन्ही दिशांचं उत्तर सारखं येईलच असं नाही. हीच पायरी गाळल्यामुळे शिखर नेहमी एकदोन थांबे पुढे दिसतं, आणि मग लोक प्रोग्रॅममध्ये ‘उणे २’ असं ठिगळ लावतात.

दात्यांच्या स्टेपर मोटरला दुसरं दुखणं असतं: दिशा उलटली की दाते एकमेकांना भिडेपर्यंत मोटर फिरते, लेन्स नाही. अशा वेळी शेवटच्या जागेकडे नेहमी एकाच दिशेने या. उलट यायचं असेल तर थोडं ओलांडून पुढे जा आणि मग परत या.

७. आधी मोठी पावलं, मग बारीक

पावलाचा आकार अंदाजाने ठरवू नका. चित्र धूसर न होता सेन्सरजवळ किती चूक चालते, ते अ‍ॅपर्चर गुणिले चालणारा धूसर ठिपका. दोन पिक्सेलचा ठिपका चालेल असं धरलं तर १.८ × २.८ मायक्रॉन, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे ५ मायक्रॉन. या लेन्समध्ये १ डायऑप्टर म्हणजे फोकल लेंथचा वर्ग, अंदाजे २२.५ मायक्रॉन सरकणं. तेव्हा सूट दोन्ही बाजूंना सुमारे ०.२२ डायऑप्टर.

यावरून पहिली फेरी: ० ते १०, पाऊल ०.५, एकूण २१ थांबे. चित्र रुंदी-उंचीत चौथाई करून ब्रेनर वापरा. लहान चित्रात नॉइज कमी होतं आणि डोंगराचा पायथा रुंद होतो, दुरूनही चढ कळतो. प्रत्येक थांब्यावर ३ फ्रेम (२ टाकायच्या, १ मोजायची) आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर २.१ सेकंद लागतात.

दुसरी फेरी: सापडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना ०.५ पर्यंत, पाऊल ०.१, एकूण ११ थांबे, पूर्ण आकाराचं चित्र, टेनेनग्रॅड. पहिल्या फेरीचे आणि या फेरीचे आकडे एकत्र मिसळू नका. सूत्र वेगळं, माप वेगळं.

सावधान: स्कोअर पहिल्यांदा खाली येताच थांबू नका. नॉइजमुळे मधे लहान उंचवटे येतात. वेळ वाचवायचाच असेल तर लागोपाठ तीन थांबे, डळमळीच्या तिप्पटीहून जास्त उतार दिसला तरच थांबा. पहिल्यांदा उभारणी करताना मात्र पूर्ण फेरी मारा आणि आलेख डोळ्यांनी बघा.

८. तीन थांब्यांमधून नेमकी जागा

सर्वांत मोठा स्कोअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन घ्या. सरकवायचं अंतर = पाऊल × ०.५ × (आधीचा − नंतरचा) ÷ (आधीचा − २ × मधला + नंतरचा).

उदाहरण: २.१ वर ४१०, २.२ वर ५२०, २.३ वर ४८०. वर −७०, खाली −१५०, भागाकार ०.४६७, निम्मा ०.२३३, पाऊल ०.१ म्हणून ०.०२३. लेन्स २.२२३ वर न्या. १ भागिले २.२२३ म्हणजे ०.४५ मीटर, टेपने मोजलेल्या ४५ सेंमीशी जुळतं.

तपासणी: छेद उणे आहे ना? शून्याच्या आसपास किंवा अधिक असेल तर ते शिखर नव्हेच. आणि उत्तर अर्ध्या पावलापेक्षा जास्त सरकवायला सांगत असेल तर मधला थांबा चुकीचा निवडला आहे.

९. नाही म्हणायलाही शिकवा

प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी उत्तर द्यायलाच हवं असं नाही. शिखर आणि फेरीतला सर्वांत छोटा स्कोअर यांतला फरक डळमळीच्या सहापटीहून कमी असेल, तर समोर पकडण्यासारखं काही नाही असं समजा. शिखर रेंजच्या अगदी टोकावर आलं तरी शंका घ्या. अशा वेळी लेन्स ०.२२ डायऑप्टरवर, म्हणजे सुमारे ४.५ मीटरवर ठेवा. या लेन्सला तिथून साधारण सव्वादोन मीटर ते अनंत एवढं सगळं चालण्याजोगं दिसतं.

रात्रीचे दिवे हा सर्वांत फसवा प्रसंग. सराफ्यातला उघडा बल्ब पांढरा फट्ट होऊन २५५ वर अडकतो. फोकस सुटला की त्याचा ठिपका मोठा होतो, पण अजून पांढराच राहतो. काठ तसाच धारदार आणि आता घेर जास्त. स्कोअर वाढतो. लेन्स चित्र आणखी धूसर करत जाते आणि प्रोग्रॅमला वाटतं आपण चढतो आहोत. २५० च्या वरचे पिक्सेल आणि त्यांच्याभोवतीचे ३-४ पिक्सेल मोजणीतून वगळा. हे वगळायचे पिक्सेल संपूर्ण फेरीसाठी एकच ठेवा: सगळ्या थांब्यांवर जिथे जिथे पांढरं आलं, ते सगळं मिळून. दर थांब्यावर नवं ठरवलंत तर मोजायची जागाच बदलत राहील. त्यापेक्षाही सोपं म्हणजे एक्सपोजर कमी करून आधी फोकस करणं आणि फोटो काढताना ते परत वाढवणं.

मे महिन्यात गच्चीवरून दूरचं काही बघताना तापलेल्या हवेने चित्र लाटांसारखं हलतं; तिथे थांब्यामागे ८ फ्रेम घ्या. आणि थंड खोलीत ठरवलेली अनंताची जागा उन्हात तीच राहते असं धरू नका. प्लॅस्टिकची लेन्स उष्णतेने बदलते, आणि व्हॉइस कॉइलमधली लेन्स कॅमेरा वर किंवा खाली वळवल्यावर स्वतःच्या वजनानेही सरकते. आपल्या ड्रायव्हरमध्ये अनंताच्या थोडं पलीकडे जाता येत असेल तर फेरी तिथूनच सुरू करा.

१०. शेवटची परीक्षा

पान ४५ सेंमीवर ठेवून ऑटोफोकस २० वेळा चालवा. दर वेळी आधी लेन्स आलटून पालटून ० आणि १० वर न्या. वीसही उत्तरं ०.२२ डायऑप्टरच्या सुटीत, म्हणजे सुमारे ४१ ते ५० सेंमीच्या आत यायलाच हवीत. चांगली उभारणी असेल तर ती याच्या निम्म्या जागेतही मावतात. उत्तरांचे दोन वेगळे गट पडले, ० कडून आलेले एकीकडे आणि १० कडून आलेले दुसरीकडे, तर टप्पा ६ कच्चा आहे. सगळी उत्तरं एकमेकांशी जुळतात पण टेपशी जुळत नाहीत, तर लेन्सच्या डायऑप्टरचं कॅलिब्रेशन सरकलं आहे. फोटो तरीही शार्प येतील, फक्त अंतर वाचायला ती जागा वापरू नका. उत्तरं वाटेल तशी विखुरलेली असतील तर ५ ची मोजणी पुन्हा करा, आणि पंखा कुणी चालू केला नाही ना, ते आधी बघा.